कांकणांआडचे घट्टे

मुखवट्यामागचा माणूस : लेखांक ६

महानायकाने ओळख लपवायची, तर सगळ्यांच्या नजरेत भरणारी नोकरी का धरावी? १९३८ साली अवतरलेला सुपरमॅन दिवसा वार्ताहर असतो. १९७१च्या कथांमध्ये तर तो दूरचित्रवाणीवर बातम्या देऊ लागतो. १९९७ साली दूरदर्शनवर आलेला शक्तिमान गंगाधर बनून वर्तमानपत्रासाठी फोटो काढतो. ही लेखकांची सोय आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. माझ्या मते यामागे माणसाच्या नजरेविषयीची जुनी आणि खरी जाण आहे, आणि तिचा सर्वांत भक्कम पुरावा महाभारताच्या विराटपर्वात सापडतो.

बारा वर्षे वनात काढलेले पांडव तेरावे, अज्ञातवासाचे वर्ष मात्र विराट राजाच्या वाड्यात काढतात. युधिष्ठिर कंक होऊन राजासमोर द्यूताचा पट मांडतो, भीम बल्लव होऊन मुदपाकखाना सांभाळतो, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते आणि अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवतो. रोज समोर बसणाऱ्या कंकाला विराट राजा ओळखत नाही. उलट रागाच्या भरात फासा फेकून त्याचे नाक रक्तबंबाळ करतो. कारण राजाला दिसतो तो पदरी ठेवलेला माणूस. त्या माणसाला पूर्वायुष्य असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. हुद्दा एकदा कळला की आपली चौकशी तिथेच थांबते. अनोळखी माणूस गावाबाहेर दिसला, तर मात्र दहा प्रश्न विचारले जातात.

यावर कुणी म्हणेल, चेहरा झाकला तरी अंगच्या खुणा कशा झाकणार? व्यासांनी हा प्रश्न टाळलेला नाही. धनुष्याच्या दोरीने अर्जुनाच्या दोन्ही हातांना घट्टे पडले आहेत, आणि ते तो शंखाच्या कांकणांखाली लपवतो. चांदीचे दागिने घडवणाऱ्या हुपरीच्या वाचकाला या तपशिलाचे मोल वेगळे सांगायला नको. पैंजण पाहणाऱ्याचे लक्ष घुंगरांवर जाते. कारागिराचे मात्र झाळलेल्या सांध्यावर. घडवणाऱ्याचा हात त्याला तिथे दिसतो. अर्जुनालाही अखेर असाच जाणकार भेटतो. युद्धात राजपुत्र उत्तराच्या रथातून शंख घुमतो, गांडीवाचा टणत्कार होतो आणि द्रोणाचार्य शिष्याला ओळखतात. म्हणजे नोकरीआड चेहरा लपतो, हातचे काम लपत नाही. आणि ते ओळखायलाही त्या कामातलाच माणूस लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : लपायचेच असेल, तर कोनाडा बरा. पण महानायकाला लपून भागत नाही, अन्याय कुठे होतो ते कळावे लागते. वार्ताहराकडे बातमी आधी येते. सैरंध्री राणीच्या महालात वावरते म्हणून सेनापती कीचकाचा माज तिला सोसावा लागतो, आणि बल्लव त्याच वाड्यात असतो म्हणून तिच्या हाकेला धावून जाऊ शकतो. चारचौघांतली नोकरी आडोसा देते, तशी जबाबदारीही गळ्यात घालते.

हीच युक्ती आपल्या रंगभूमीने प्रत्यक्ष वापरली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. पौराणिक नाटक म्हणून ते उघडपणे चालत होते, आणि प्रेक्षक मात्र कीचकात व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनला पाहत होते. ब्रिटिश सरकारला हे उमगले आणि १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. मग वेश फसला म्हणायचे का? नाही. बंदी येईपर्यंत नाटकाने सांगायचे ते सांगून झाले होते. पुढे १९२० साली आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी पडद्यावर आणली, तीही ‘सैरंध्री’च.

म्हणून या कथांकडे पोरखेळ म्हणून पाहू नये. रोज समोर येणाऱ्या माणसाला आपण त्याच्या हुद्द्यापलीकडे पाहतो का, हा त्यांचा प्रश्न आहे. विराटाला वर्षभरात तो एकदाही पडला नाही.

पुढील लेखांकात : ओळख उघड झाल्यावर नायकाचे काय होते?