अर्थ लागला की दिवा लागतो

एखाद्याचं डोकं चालेनासं झालं की आपण म्हणतो, ‘याचा फ्यूज उडाला.’ म्हणजे फ्यूज उडणं ही जणू नामुष्कीच! गाडीत मात्र नेमकं उलटं असतं. फ्यूज उडाला म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं. ते काम कोणतं आणि ते करू दिलं नाही तर काय होतं, हे मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बडोद्याला काकांकडे शिकले.

काकांकडे चाळिशी गाठलेली एक मॅटॅडोर आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनीत बनलेली ही व्हॅन. शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, बँडवाले, भाजीच्या पाट्या, सगळं हिने वाहिलं. काकांनी मागच्या सीट काढून प्लायवुडची दोन लांब बाकं केली. त्यांवर फोमच्या गाद्या टाकल्या, पडदे लावले, एक छोटा पंखा आणि दोन दिवे बसवले. काकूला घेऊन नर्मदाकाठी चांदोदला जायचं, आणि तिथून पुढे जिथे अंधार पडेल तिथे मुक्काम, असा त्यांचा बेत.

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा ‘२१ गन सल्यूट’ हा सोहळा झाला होता. तिथल्या संस्थानी गाड्यांपुढे आमची मॅटॅडोर म्हणजे इंद्राच्या दरबारात शामभट्टाची तट्टाणी. पण वायरिंग म्हातारं होतं तेव्हा ते राजाची गाडी आणि वऱ्हाडाची गाडी असा भेद करत नाही.

आतल्या दिव्यांचा फ्यूज वारंवार उडत होता. कधीतरी एका गॅरेजमध्ये कुणीतरी त्यावर तांब्याची तार गुंडाळून दिली होती. त्यानंतर फ्यूज उडणं थांबलं आणि जळका वास सुरू झाला. प्लायवुड उचलून पाहिलं, तर वायरचं प्लास्टिक वितळून शेजारच्या वायरला चिकटलेलं आणि लाकूड तपकिरी पडलेलं. बरोबर तिथेच वरती काका-काकूंची उशी येणार होती.

इथे पहिली गोष्ट समजून घ्यायची. फ्यूज दिव्याचा किंवा पंख्याचा नसतो, वायरचा असतो. वायरला झेपतो त्यापेक्षा जास्त करंट वाहू लागला की ती तापते. ती पेटण्याआधी फ्यूजमधली बारीक पट्टी वितळावी आणि प्रवाह तुटावा, एवढ्यासाठीच तो असतो. म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार लावणं म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणं. मग सगळ्यात अशक्त वायर स्वतःच फ्यूज होते, आणि ती जळते ती गादीखाली.

हिशोब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचा एक हेडलाइट ५ अँपिअर घेतो, दोन मिळून १०. फ्यूज यापेक्षा थोडा वरचा, पण वायरच्या क्षमतेच्या आतला हवा. रंगांवरून मात्र फसू नका. जुन्या, टोकदार बुडांच्या फ्यूजमध्ये पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा आणि निळा २५ चा. आजच्या चपट्या, पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १० चा आणि निळा १५ चा. रंग तोच, अर्थ वेगळा.

आता खऱ्या ‘अर्था’कडे येते. दांडिया बाजारातल्या घरी जे ऑटो इलेक्ट्रिशियन चाचा आले, त्यांनी दिव्याकडे पाहून पहिलं वाक्य टाकलं, “आने अर्थ नथी मळतो.” मराठी वाङ्मय शिकणाऱ्या मुलीला हे वाक्य ऐकून काय वाटलं असेल! पण ते ‘अर्थिंग’बद्दल बोलत होते. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी बॅटरीपासून येत नाहीत. जायची वाट वायरची, परतीची वाट गाडीच्या पत्र्याची. तो पत्रा म्हणजे ‘अर्थ’. तिथे गंज किंवा रंगाचा थर आला की परतीची वाट अडते.

कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. फ्यूज बॉक्समधल्या पितळी चिमट्यांवरही पावसाळी दमटपणाने तसाच हिरवा थर चढतो. अशा एका सांध्यात नुसता ०.२ ओहमचा अडथळा असला, तरी ५ अँपिअरला तिथे १ व्होल्ट वाया जातो. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. १२ चे ११ झाले की सुमारे पाव उजेड गेला. शिवाय वाया गेलेले ५ वॅट त्या सांध्यातच उष्णता होऊन बसतात. म्हणजे दिवा मंद, फ्यूज बॉक्स गरम, आणि दोष दिला जातो बॅटरीला.

चाचांनी ज्या क्रमाने काम केलं, तो सांगते.

आधी बॅटरीचं अर्थचं टर्मिनल सोडवलं. पाना चुकून पत्र्याला लागला तरी मग ठिणगी पडत नाही. प्रत्येक फ्यूज काढून चिमटे बारीक पॉलिश पेपरने घासले, सैल झालेले दाबून घट्ट केले. अर्थच्या बोल्टखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, आणि बोल्ट कसल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली.

मग बॅटरी जोडून टेस्ट लॅम्प घेतला. त्याचा चिमटा पत्र्याला, टोक फ्यूजच्या दोन्ही बाजूंना. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज ठीक. एकीकडेच लागला तर उडालेला. कुठेच नाही लागला तर मागून वीजच येत नाही.

शॉर्ट शोधायची युक्ती मला सगळ्यात आवडली. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडायचा आणि त्या वाटेवरचे दिवे-पंखे एकेक करून सोडवायचे. सगळं सोडवूनही बल्ब भगभगत राहिला, तर शॉर्ट वायरमध्येच. आमच्याकडे तसंच निघालं. बाकाच्या एका स्क्रूने वायर सोलली होती. ती सगळी वायर बदलली, आणि बाकांखालच्या नव्या बॅटरीला वेगळा फ्यूज दिला, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणीच राखणदार नसतो, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका बरा.

याच बडोद्यात १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्याने कलाभवन सुरू केलं. कारागिरीचं शिक्षण लोकांना आपल्या भाषेत मिळावं, असा गज्जरांचा आग्रह होता. तो आग्रह आजही एका झाकणावर पाळता येतो. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. कोणता फ्यूज कशाचा आणि किती अँपिअरचा, हे त्यावर स्वच्छ मराठीत लिहा. सोबत त्याच मापाचे चार जास्तीचे फ्यूज ठेवा. रात्री रस्त्यात अडलेल्या माणसाला नेमका फ्यूज हाताशी मिळाला, की तो तार शोधायला जात नाही.