माशाच्या डोक्यातला खडा आणि आपली खाडी



दोड्यारो, म्हणजे ढोमा, खाताना डोक्यातले दोन पांढरे खडे दाताखाली येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपण ते ताटाच्या कडेला टाकतो. पण मालीम असो वा कुटबण, कधी कुणी शिकलेला पोरगा किंवा पोरगी येऊन माशाची नुसती डोकी मागते, तेव्हा तिला हवा असतो तो हाच खडा. पीएचडी झाल्यावर दोन-तीन वर्षे एकाच प्रश्नामागे लागणारे असे संशोधक असतात, त्यांना पोस्टडॉक म्हणतात. जेटीवर लोक हसतात, की एवढं शिकून डोकी कसली गोळा करता! म्हणून हे थोडं समजावून सांगतो.

हा खडा माशाच्या कानातला. त्यावर माशाला ऐकू येतं आणि तोल सांभाळता येतो. काट्याच्या प्रत्येक माशात तो असतो, दोड्यारोत मोठा असतो म्हणून आपल्याला दिसतो. मोरी, वागळी यांच्यात असा टणक खडा नसतो. खडा चुन्याचाच, शिंपल्यासारखा. मासा लहान असताना त्यावर रोज एक बारीक थर चढतो. झाड कापलं की आत वळी दिसतात ना, तसंच. खडा पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पिल्लू किती दिवसांचं होतं ते मोजता येतं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच आपल्या कामाची. ज्या पाण्यात मासा राहतो त्या पाण्यातले क्षार त्या-त्या दिवसाच्या थरात अडकतात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात राहिला तर स्ट्रॉन्शियम जास्त, नदीच्या पाण्यात राहिला तर बहुतेक वेळा बेरियम जास्त. एकदा चढलेला थर पुन्हा विरघळून जात नाही. त्यामुळे मोठा होऊन खोल पाण्यात पकडलेला मासाही लहानपणी कुठे होता ते खड्याच्या मधल्या भागावरून कळतं. लेझरने एकेक थर जाळून हे बघतात.

चोणकाचं उदाहरण घ्या. चोणक अंडी घालतो खाऱ्या पाण्यात, नदीच्या तोंडाकडे. पिल्लं भरतीबरोबर आत खाडीत चढतात. तिवरांच्या मुळांत, चिखलात, खाजनाच्या पोंयात वाढतात. ऑस्ट्रेलियात आणि पापुआ न्यू गिनीत याच जातीच्या चोणकाचे खडे तपासले, तर काही मासे गोड्या पाण्यात वाढलेले निघाले, पण काही जन्मभर गोड्या पाण्यात गेलेच नव्हते. म्हणजे सगळे चोणक नदीतूनच येतात हे आपलं म्हणणं अर्धंच खरं. कोणत्या नदीचा, कोणत्या खाडीचा वाटा किती, ते तिथले मासे तपासूनच कळणार. मांडवी-झुआरीचा हिशेब ऑस्ट्रेलियाच्या माशावरून मांडता येणार नाही.

सुंगटांना खडाच नसतो. त्यांची गोष्ट मात्र आपण मानशीवर रोज बघतो. समुद्रात जन्मलेलं बारीक सुंगट आत येतं, पोसतं आणि ओहोटीला बाहेर जाताना जाळ्यात सापडतं. बांगडा-तारली उघड्या समुद्राची मासळी. तिवर तुटले म्हणून बांगडा गेला असं कुणी म्हणालं तर ते खड्यावरून सिद्ध होणार नाही, आणि असं बोललं की आपलं खरं म्हणणंही लोक मनावर घेत नाहीत. (बांद फुटून खाजनात तिवर वाढतात, तो वाद वेगळा. तो इथे नको.)

आता हे कशाला? खाडीत भराव पडतो, जेटी येते, कडेचे तिवर जातात. आपण म्हणतो, इथे आमची पिल्लं वाढतात. समोरचा विचारतो, कागद कुठे? मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखातात हाच प्रश्न होता. तिथल्या संशोधकांनी २००१ ते २००५ मधल्या मासळी उतरवल्याच्या नोंदी १३ भागांतून घेतल्या आणि तिवरांच्या नकाशाशी जोडल्या. जिथे तिवर जास्त तिथे मासळी जास्त, असं निघालं. छोट्या होड्यांच्या मासळीत ३२ टक्के वाटा तिवरांशी जोडलेल्या मासे-खेकड्यांचा होता. पाण्याला लागून असलेल्या कडेच्या एका हेक्टर तिवरांची वर्षाची किंमत त्यांनी सुमारे ३७,५०० डॉलर काढली. २००८ साली हे छापून आलं. लक्षात घ्या, हा हिशेब उभा राहिला तो मच्छीमारांच्या मासळीच्या नोंदींवर.

आपल्याकडे नोंद देताना आपण काय करतो? सगळं 'मिक्स' लिहितो, जागा सांगत नाही. जागा का लपवतो ते कळतं, तांडेल आपलं ठिकाण कुणाला सांगत नाही. पण नेमकी जागा नको, कोणत्या नदीच्या तोंडासमोर आणि किती वाव पाण्यात एवढं पुरतं.

कुणी डोकी मागितली तर चोणक, तांबोशी, शेवटो, दोड्यारो यांची द्या. प्रत्येक डोक्याबरोबर तारीख, माशाची लांबी आणि जागा चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा, शाई पाण्याने पसरते. डोकं बर्फात ठेवलं तरी चालतं. खडे स्वतः काढलेत तर दोन्ही काढा, गोड्या पाण्याने धुवा, सुकवून कागदात ठेवा. विनेगर, सोल किंवा लिंबू लागू देऊ नका, खडा चुन्याचा आहे, आंबटात झिजतो.