कॅरॅव्हॅन घेऊन डार्लिंग नदीकाठी: ऑस्ट्रेलियाच्या ‘आऊटबॅक’मधल्या गावांना पर्यटक हवेत, पण नदीत पाणी आहे का?

गाडीच्या मागे जोडलेलं छोटं घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी. बाहेर लाल माती, उंच निलगिरीची झाडं आणि शेजारून वाहणारी मातकट नदी. ऑस्ट्रेलियातल्या कॅरॅव्हॅन ट्रिपचे असे रील्स तुम्हीही पाहिले असतील.

यातला एक प्रसिद्ध मार्ग म्हणजे ‘डार्लिंग रिव्हर रन’. न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिमेला बर्क, लाऊथ, टिल्पा, विल्कॅनिया, मेनिंडी आणि वेंटवर्थ अशी गावं घेत हा रस्ता नदीच्या सोबतीने जातो. पण या गावांची गोष्ट रीलमध्ये मावत नाही.

आऊटबॅक म्हणजे नेमकं काय?

ऑस्ट्रेलियाची बहुतेक लोकसंख्या समुद्रकिनाऱ्याजवळ राहते. आतला प्रचंड मोठा, कोरडा आणि विरळ वस्तीचा भाग म्हणजे आऊटबॅक. सिडनीपासून सुमारे ८०० किलोमीटरवर असलेलं बर्क हे त्याचं दार मानलं जातं. अगदी आडबाजूच्या जागेला तिथे ‘बॅक ओ बर्क’, म्हणजे ‘बर्कच्याही पलीकडे’ असं म्हणतात.

वाळवंटी भागात बंदरं कशी?

१८५९ मध्ये डार्लिंग नदीतून वाफेवरची बोट पहिल्यांदा वरच्या भागात पोहोचली. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्याआधी मेंढपाळांची लोकर याच बोटींमधून बाहेर जायची. एकेकाळी विल्कॅनिया हे देशातलं मोठं नदीबंदर होतं. बोटींना वाट देण्यासाठी मधला भाग वर उचलला जाईल असा तिथला १८९६चा पूल आजही उभा आहे.

बोटी पोहोचत नव्हत्या तिथे उंट जायचे. हे उंटवाले अफगाणिस्तान आणि तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेले होते. बर्कच्या दफनभूमीत त्यांची पत्र्याची छोटीशी मशीद अजून पाहायला मिळते.

पुढे रेल्वे आणि ट्रक आले, बोटी बंद झाल्या आणि गावं आक्रसत गेली.

नदी कोणाची?

बार्किंजी हे इथले मूळ रहिवासी. ते नदीला ‘बाका’ म्हणतात आणि त्यांच्या नावाचा अर्थच ‘नदीची माणसं’ असा होतो. जवळपास १८ वर्षांच्या कायदेशीर लढ्यानंतर २०१५ मध्ये न्यायालयाने सुमारे १ लाख २८ हजार चौरस किलोमीटर भूमीवरचे त्यांचे पारंपरिक हक्क मान्य केले.

पण जमिनीवर हक्क मिळाला म्हणून नदीत पाणी आलं, असं झालं नाही. वरच्या भागात कापसासारख्या पिकांसाठी पाणी उपसलं जातं, त्यात दुष्काळाची भर पडते. २०१९ मध्ये नदीचे लांबच लांब पट्टे कोरडे पडले होते. उपसा किती आणि दुष्काळाचा वाटा किती, यावर तिथे अजूनही वाद आहे. पाणीवाटपासाठी २०१२ मध्ये ‘मरे-डार्लिंग बेसिन प्लॅन’ लागू झाला, तरी वाद शमलेला नाही.

मेनिंडीत मासे का मेले?

२०१८-१९च्या उन्हाळ्यात मेनिंडीजवळ लाखो मासे मरून पाण्यावर तरंगले. नदीचा प्रवाह जवळपास थांबला होता आणि साचलेल्या पाण्यात शेवाळ माजलं होतं. तापमान अचानक उतरल्यावर शेवाळ मेलं आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर मिसळलं. माशांचा श्वास कोंडला.

मार्च २०२३ मध्ये त्याच गावात पुन्हा लाखो मासे मेले. यावेळी नुकताच महापूर ओसरला होता. पुरामुळे माशांची संख्या प्रचंड वाढली होती आणि पाण्यात कुजणारा पालापाचोळाही खूप होता. वरून कडक ऊन. ऑक्सिजन पुन्हा संपला.

म्हणजे पाणी कमी असलं तरी संकट, आणि पूर ओसरला तरी संकट.

गावाला कॅरॅव्हॅनचा उपयोग काय?

अशा गावांत पेट्रोल पंप, किराणा दुकान आणि पब तग धरून राहतात त्यात पर्यटकांचा मोठा वाटा असतो. टिल्पाच्या पबमध्ये देणगी देऊन भिंतीवर आपलं नाव लिहिता येतं. ते पैसे दुर्गम भागात विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ला जातात. ही सेवा १९२८ पासून सुरू आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये विल्कॅनियात कोरोना पसरला तेव्हा एक वेगळंच चित्र दिसलं. एकेका घरात इतकी माणसं राहत होती की विलगीकरण शक्यच नव्हतं. शेवटी सरकारने सुमारे ३० मोटरहोम गावात आणली. शहरातले लोक ज्या गाडीतून सुट्टी घालवतात, ती इथे रुग्णाची खोली झाली.

जायचं असेल तर काय लक्षात ठेवाल?

• गाड्या भारतासारख्याच डाव्या बाजूने चालतात. पण दोन गावांमधलं अंतर सहज शंभर किलोमीटर असतं. इंधन आणि पिण्याचं पाणी जास्तीचं ठेवा.

• रस्त्याचा मोठा भाग कच्चा आहे. पाऊस पडला की काळ्या मातीचा चिखल होतो आणि रस्ते बंद केले जातात. बंद रस्त्यावर गाडी घातली तर मोठा दंड बसतो.

• पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. अंधारात गाडी चालवणं टाळा.

• बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. नकाशे आधीच डाउनलोड करा आणि कुठे चाललात ते कुणाला तरी सांगून ठेवा.

• सामान शहरातून भरून नेण्यापेक्षा थोडं तरी गावातल्या दुकानातून घ्या. तेवढ्यानेही त्या दुकानाला फरक पडतो.

शेवटी वेंटवर्थला डार्लिंग नदी मरे नदीला मिळते. दोन्ही पाण्यांचे रंग अनेकदा वेगवेगळे दिसतात आणि पर्यटक तिथे थांबून फोटो काढतात. त्या फोटोत डार्लिंगचं पाणी किती दिसणार, हे मात्र शेकडो किलोमीटर वर, ते कोणी आणि किती अडवलं यावरही ठरतं.