दोन केबल, दोन्ही सारख्याच. मग स्विच बंद कोणती करतो? जाणून घ्या 'पोर्ट प्रायॉरिटी'चं गणित

नोव्हेंबर २००२. अमेरिकेतलं बोस्टन शहर. तिथल्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या नावाजलेल्या हॉस्पिटलचं कॉम्प्युटर नेटवर्क अचानक कोलमडलं. थोडा वेळ चालायचं, पुन्हा झोपायचं. जवळपास चार दिवस हाच खेळ सुरू होता. डॉक्टर औषधं कागदावर लिहू लागले आणि लॅबचे रिपोर्ट हातोहात पोहोचवायला माणसं धावू लागली. शेवटी सिस्को कंपनीचे इंजिनिअर मदतीला आले.

कुणी हॅकिंग केलं होतं का? नाही. नेटवर्क वर्षानुवर्षं वाढत गेलं होतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे स्विच जोडत जोडत साखळी इतकी लांबली, की 'स्पॅनिंग ट्री' नावाच्या व्यवस्थेला ती झेपेना. हॉस्पिटलचे तेव्हाचे आयटी प्रमुख जॉन हलामका यांनी ही सगळी हकीकत नंतर उघडपणे सांगितली.

तर ही स्पॅनिंग ट्री म्हणजे काय, आणि तिच्यातला 'पोर्ट प्रायॉरिटी' नावाचा छोटासा आकडा काय करतो, ते समजून घेऊ.

एक केबल जास्त लावली तर बिघडतं कुठे?

ऑफिसमधले कॉम्प्युटर, प्रिंटर, वायफायचे डबे ज्या पेटीला जोडलेले असतात ती पेटी म्हणजे स्विच. दोन स्विचमध्ये एकच केबल असेल आणि ती उंदराने कुरतडली, तर पलीकडचा अख्खा मजला बंद. म्हणून शहाणी माणसं दोन केबल टाकतात. एक तुटली तर दुसरी आहेच.

पण गोची इथेच होते. दोन केबलमुळे गोल रस्ता, म्हणजे लूप तयार होतो. 'सगळ्यांना सांगा' असा एखादा संदेश आला की स्विच तो आलेला पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टमधून पुढे ढकलतो. दुसरा स्विचही तेच करतो. संदेश फिरत फिरत परत येतो आणि पुन्हा निघतो. इंटरनेटच्या आयपी पॅकेटमध्ये 'इतक्या टप्प्यांनंतर संप' असा आकडा असतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये तसं काहीच नसतं. ती फिरतच राहते, तिच्या नकला वाढत जातात आणि काही सेकंदांत नेटवर्क गुदमरतं. यालाच 'ब्रॉडकास्ट स्टॉर्म' म्हणतात.

यावर उपाय शोधला राडिया पर्लमन यांनी. १९८५ च्या सुमारास त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करत होत्या. त्यांची कल्पना साधी होती: केबल कितीही असू देत, स्विचनी आपसात बोलून ठरवायचं की कोणते रस्ते चालू ठेवायचे आणि कोणते राखीव. चालू रस्त्यांचा आकार झाडासारखा, म्हणजे फांद्या असतील पण गोल कुठेच नसेल. पुढे १९९० मध्ये आयट्रिपलई या संस्थेने ते मानक म्हणून स्वीकारलं.

झाड ठरतं कसं?

आधी सगळे स्विच मिळून एक मुख्य स्विच निवडतात. त्याला 'रूट' म्हणतात. प्रत्येक स्विचचा एक प्रायॉरिटी आकडा असतो, कारखान्यातून येताना तो ३२७६८ असतो. ज्याचा आकडा लहान, तो रूट. सगळ्यांचे आकडे सारखेच असतील तर ज्याचा मॅक ॲड्रेस लहान तो जिंकतो. म्हणजे कुणीच काही ठरवलं नाही, तर कोपऱ्यात धूळ खात पडलेला एखादा जुना स्विचही अख्ख्या नेटवर्कचा कारभारी होऊन बसू शकतो.

मग बाकीचा प्रत्येक स्विच रूटकडे जायचा आपला सर्वांत चांगला रस्ता निवडतो. त्याचे नियम क्रमाने असे:

१. ज्या रस्त्याचा एकूण 'खर्च' कमी, तो रस्ता. जुन्या आणि आजही सर्रास दिसणाऱ्या कोष्टकात १०० एमबीपीएसच्या केबलचा खर्च १९ आणि १ जीबीपीएसच्या केबलचा ४ धरतात.
२. खर्च सारखा असेल, तर पलीकडच्या ज्या स्विचचा आयडी लहान, त्याच्याकडचा रस्ता.
३. पलीकडचा स्विचही एकच असेल, तर त्याच्या ज्या पोर्टचा आयडी लहान, तो रस्ता.

गावच्या निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली की चिठ्ठी काढतात. तिसरा नियम म्हणजे नेटवर्कमधली ती चिठ्ठी. फरक इतकाच, की इथे कोणती चिठ्ठी निघणार हे आधीच ठरवून ठेवता येतं. पोर्ट प्रायॉरिटी त्यासाठीच असते.

आकडा कुठे बदलायचा?

पोर्ट आयडीचे दोन भाग असतात: आधी प्रायॉरिटी, मग पोर्टचा नंबर. प्रायॉरिटी मुळात १२८ असते. आजच्या मानकानुसार ती ० ते २४० मध्ये, १६ च्या पटीतच ठेवता येते. लहान आकडा वरचढ, शाळेतल्या पहिल्या नंबरासारखा.

एक उदाहरण घेऊ. तळमजल्यावर रूट स्विच आहे, वरच्या मजल्यावर दुसरा. दोघांमध्ये १ जीबीपीएसच्या दोन केबल आहेत. तळमजल्याच्या पोर्ट १ मधली केबल जुनी, लिफ्टजवळून लोंबकळत गेलेली. पोर्ट २४ मधली नवी, पाइपातून नीट नेलेली. खर्च सारखा, पलीकडचा स्विच एकच. दोन्ही पोर्टची प्रायॉरिटी १२८. मग लहान नंबर म्हणून पोर्ट १ जिंकतो. जुनी केबल चालू आणि नवी राखीव!

हे उलटं करायचं तर पोर्ट २४ ची प्रायॉरिटी ६४ करायची. पण कोणत्या स्विचवर? इथेच भलेभले फसतात. केबल बंद वरचा स्विच करतोय, म्हणून लोक वरच्या स्विचवर आकडा बदलतात आणि काहीच होत नाही. कारण वरचा स्विच तुलना करताना स्वतःच्या पोर्टचा आकडा बघत नाही, समोरून येणाऱ्या संदेशातला बघतो. म्हणून बदल तळमजल्यावरच, रूटच्या बाजूच्या स्विचवर करावा लागतो. सिस्कोच्या स्विचवर त्या पोर्टमध्ये जाऊन 'स्पॅनिंग-ट्री पोर्ट-प्रायॉरिटी ६४' अशी आज्ञा द्यायची.

वरच्या स्विचवरूनच काम साधायचं असेल, तर तिथे पोर्टचा 'खर्च' बदलायचा. खर्च ज्याचा त्याने मोजायचा असतो, त्यामुळे तो बदल तिथेच लागू पडतो.

हेही लक्षात ठेवा

दोन केबल दोन वेगवेगळ्या स्विचकडे जात असतील, तर निकाल बहुतेक वेळा पहिल्या दोन नियमांतच लागतो. तिथे पोर्ट प्रायॉरिटी कितीही बदलली तरी उपयोग नाही.

प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळं झाड ठेवणाऱ्या स्विचवर हा आकडाही व्हीलॅननुसार वेगळा ठेवता येतो. मग व्हीलॅन १० पहिल्या केबलवरून आणि २० दुसऱ्यावरून नेता येतो. दोन्ही केबल कामाला लागतात आणि एक तुटली तर दुसरी सगळा भार उचलते. सगळ्यांसाठीच दोन्ही केबल एकदम वापरायच्या असतील, तर त्या जोडून एक करण्याची 'लिंक ॲग्रीगेशन' ही वेगळी सोय जास्त सोयीची.

बदल मात्र कामाच्या वेळेत करू नये. रस्ता बदलताना मूळ स्पॅनिंग ट्रीमध्ये ३० सेकंद सहज जातात, काही बिघाडांत तर ५० पर्यंत. २००१ च्या 'रॅपिड' आवृत्तीत हे बरंचसं काम एक-दोन सेकंदांत उरकतं, पण दोन्ही बाजूंचे स्विच तीच आवृत्ती चालवत असले पाहिजेत.

बदल झाल्यावर 'शो स्पॅनिंग-ट्री' ही आज्ञा देऊन कोणता पोर्ट चालू आणि कोणता राखीव ते बघायचं. मग सुट्टीच्या दिवशी चालू केबल मुद्दाम काढून बघायची. राखीव केबल वेळेला धावून येते की नाही, याची खात्री तेव्हाच पटते. आणि आकडा का बदलला, हे एका ओळीत लिहून स्विचच्या कपाटाला चिकटवायचं. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता कपाट उघडणाऱ्या माणसाला तीच ओळ उपयोगी पडते.