‘गणपत वाणी’: आत्मवंचनेचे व्याकरण

बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांच्या कवितेतील दुःखाची चर्चा बहुधा यंत्रयुग आणि महानगर यांच्या संदर्भात होते. ‘गणपत वाणी’ ही कविता त्या चौकटीत सहजी बसत नाही. येथे आक्रोश नाही, कवीचे भाष्यही जवळजवळ नाही. आहे तो एक किराणा दुकानदार: बिडी ओढणारा, काडी चघळणारा आणि याच जागेवर माडी बांधण्याचा संकल्प मनाशीच करणारा. संकल्प कोणापाशी बोलून दाखविला जात नाही, ही बाब महत्त्वाची. उच्चारलेल्या संकल्पाला कृतीचा तगादा लागतो. मनातल्या मनात केलेला संकल्प त्यातून सुटतो.

या आत्मवंचनेचे खरे वाहन क्रियापदांची रूपे होत. आरंभी रीतिभूतकाळ येतो. त्यामुळे स्वप्न पाहणे ही घटना न राहता बिडीसारखी सवय ठरते. पुढे धणे-जिरे विकणे, हिशेब करणे, पोते उशाला घेऊन झोपणे अशी ‘-णे’प्रत्ययान्त धातुसाधित नामांची रांग लागते आणि कर्ता जणू विरघळून जातो. कामे उरतात, माणूस दिसेनासा होतो. मृत्यूच्या वेळी मात्र साधा, पूर्ण भूतकाळ येतो. गणपतच्या आयुष्यात निर्णायक असे जे एकच घडते, ते हेच. पादाकुलकाची संथ, सोळा मात्रांची चाल या एकसुरीपणाला पोषकच ठरते.

गणपत रात्री तुकोबांची गाथा वाचतो, हा तपशील केवळ वातावरणनिर्मितीसाठी आला आहे असे मानणे योग्य होणार नाही. तुकोबाही वाणीच, परंपरेनुसार त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. गणपतचा हिशेब सुटत नाही. ज्या ग्रंथाने झोप उडावी, तोच येथे झोपेपूर्वीचा विरंगुळा होतो.

या कवितेला निव्वळ उपहासिका मानण्याचा मोह होतो. परंतु उपहासाला लागणारी उंची कवी घेत नाही. शेवटी हाडांच्या काड्या होतात आणि दुकानाच्या जमिनीतच रुततात. जेथे माडीचा पाया पडावयाचा, तेथे हेच पुरले जाते. आरंभीची क्षुल्लक काडी अशी परत येते. या प्रतिमेत हसणे अवघड होते.

अखेरीस ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही म्हण कवी उलटी वापरतो. म्हणीतील आंधळ्याला आपण काय मागतो हे ठाऊक असते. कवितेतील आंधळा जन्मांध आहे. गणपतला आपल्या दुःखाची जाणीवच नव्हती, म्हणून त्याच्या वंचनेत ढोंगाचा अंशही नाही. स्वप्नाच्या भरात एक डोळा मिचकावणाऱ्या या माणसाला दोन डोळे लाभतात, ते पाहण्यासारखे काहीच उरलेले नसताना.