तातडीच्या मालास गाडी केवढी?

मुंबई-नाशिक हमरस्त्यावरील भिवंडी हे गाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर पडते म्हणून तेथे गोदामे उठली. २०१७ साली जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली. जेथे गोदाम तेथे मालमोटार. म्हणून तातडीच्या मालवाहतुकीचा धंदा काढावा, असे तेथील एखाद्या तरुणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु गाडी केवढी घ्यावी, ह्या पहिल्याच प्रश्नावर घरातील साठवण तरते किंवा बुडते.

साधा माल गाडी भरेपर्यंत थांबतो, वाटेत उतरतो, पुन्हा चढतो. तातडीचा माल एकटा निघतो व सरळ दारी पोचतो. वेळ वाचतो तो भरधाव हाकल्याने नव्हे, तर न थांबल्याने. साहजिकच अशी गाडी पुष्कळदा अर्धी रिकामी जाते, आणि परत येताना बहुधा सगळीच रिकामी. मोठ्या गाडीचे रिकामेपण महाग, लहान गाडीचे त्या मानाने स्वस्त; हे ह्या धंद्यातील पहिले सूत्र होय.

दुसरे सूत्र वजनाचे आणि जागेचे. समजा, गाडीचा हौदा १४ फूट लांब, ६ फूट रुंद व ६ फूट उंच आहे; म्हणजे ५०४ घनफूट जागा झाली. कापडाच्या गाठींचे वजन घनफुटास १५ किलो धरले, तर हौदा भरताच ७,५६० किलो होतील, आणि अशा गाडीस ते सहसा पेलणार नाहीत. उलट, घनफुटास ३ किलो भरणारी हलकी खोकी असतील, तर १,५१२ किलोंतच जागा संपेल. तेव्हा गाठी नेणाऱ्याने आस पाहावा, खोकी नेणाऱ्याने हौदा पाहावा.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालासह एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालगाडीस परमिट लागत नाही. ७,५०० किलोंपर्यंतचे वाहन हलके समजले जाते आणि त्यास चालक मिळणे सोपे जाते. २००५ साली निघालेली, लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटलेली गाडी पहिल्या मर्यादेत सहज बसते. शिवाय मुंबई-ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांस मनाई असते. तेथे मोठी गाडी नाक्यावर खोळंबली, की तातडी संपली. आणि लहान गाडीवर जादा माल लादणे हा काही उपाय नव्हे. २०१९च्या दुरुस्तीने त्यास २०,००० रुपये दंड व वर दर जादा टनास २,००० रुपये ठेवले आहेत.

मग निवड कशी करावी? वर्षातून दोनदा येणाऱ्या मोठ्या मालाकडे पाहून गाडी घेऊ नये. आठवड्यातून चार वेळा येणाऱ्या मालाकडे पाहावे. महिनाभर भाड्याच्या गाड्या लावून प्रत्येक खेपेचे वजन, घनफूट, अंतर व रिकामे मैल वहीत टिपावेत. मोठा माल आलाच, तर त्या दिवसापुरती मोठी गाडी भाड्याने घेता येते; पण दारात उभ्या असलेल्या मोठ्या गाडीचा हप्ता मात्र दरमहा भरावाच लागतो.