एका बंदराची चित्रे आणि दोन अक्षरे

ज्यांना आपल्या जुन्या कागदपत्रांत वलंदेज म्हटले आहे आणि ज्यांची वेंगुर्ल्याला वखार होती, त्या डच लोकांच्या देशात डॉर्ड्रेख्त नावाचे एक जुने बंदर आहे. गाव तीन नद्यांच्या संगमावर वसलेले. सतराव्या शतकातली त्याची चित्रे पाहिली, तर पाणी बहुधा शांत असते, शिडांची गलबते जागच्या जागी उभी असतात, मागे चर्चचा कळसावाचून राहिलेला जाडजूड मनोरा दिसतो, आणि या सगळ्यावर उतरत्या उन्हासारखा सोनेरी उजेड पसरलेला असतो. असे चित्र दिसले की जाणकार चटकन म्हणतो, ‘हा कॉइप!’ पण तो खरोखरच कॉइप असेल का? प्रश्न इथूनच सुरू होतो.

आल्बर्ट कॉइप १६२० साली याच गावी जन्मला. बाप चित्रकार, माणसांच्या तसबिरी काढणारा. मुलाने नदी, गुरे आणि जहाजे उचलली. १६५८ साली त्याने एका श्रीमंत विधवेशी लग्न केले, पुढे चर्चच्या कारभारात लक्ष घातले आणि कुंचला हळूहळू बाजूला पडला. १६९१ साली तो वारला. एवढ्या आयुष्यात त्याने चित्रांवर सही केली, पण साल घालण्याची तसदी फार क्वचित घेतली. पुढे अभ्यासकांच्या डोक्याला जो ताप झाला, त्याचे निम्मे कारण हेच.

उरलेले निम्मे कारण इंग्रजांचा पैसा! अठराव्या शतकात इंग्लंडातल्या जमीनदारांना कॉइपच्या सोनेरी उजेडाचे वेड लागले. मागणी वाढली की माल वाढतो, हा बाजाराचा नियम चित्रांनाही लागू आहे. गाईगुरे आणि पिवळे ऊन दिसले की व्यापाऱ्याने ते चित्र कॉइपचे ठरवावे. विसाव्या शतकाच्या आरंभी होफ्स्टेडे द ग्रोट या विद्वानाने जुन्या डच चित्रकारांच्या कामाची मोठी सूची केली, तेव्हा कॉइपच्या नावावर आठशेच्या वर चित्रे भरली. यांतला बराच मोठा भाग आजचे अभ्यासक कॉइपचा मानीत नाहीत.

मग सही पाहावी, असे तुम्ही म्हणाल. पण मौज अशी, की सहीनेच मोठा घोटाळा केला. कॉइप सहसा नाव पुरते लिही. याउलट त्याच्या नावावर गेलेल्या कित्येक चित्रांवर मात्र रोमन लिपीतली नुसती दोन आद्याक्षरे आहेत, ए आणि सी. कॉइपचे नाव रोमन लिपीत याच अक्षरांनी सुरू होते, तेव्हा शंका कोणाला येणार? पण त्याच गावात, त्याच काळात अब्राहम फान काल्रात नावाचा दुसरा एक चित्रकार राहात होता. जन्म १६४२, मृत्यू १७२२. त्याचीही आद्याक्षरे हीच! डॉर्ड्रेख्तच्याच हौब्राकेनने अठराव्या शतकाच्या आरंभी चित्रकारांची चरित्रे छापली. त्यांत या काल्रातचा उल्लेख आहे आणि तो फळेही रंगवी अशी नोंद आहे. ए आणि सी अशी सही केलेली फळांची चित्रे होतीच. पण दोनशे वर्षे हा धागा कोणी जुळवला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेडियस आणि इतर डच संशोधकांनी तो जुळवला, तेव्हा कॉइपचे म्हणून मिरवणारे घोडे, तबेले आणि फळांचे ढीग एकदम दुसऱ्या मालकाकडे गेले.

आपल्याकडे याला अगदी जवळचे उदाहरण आहे. ‘नामा’ ही नाममुद्रा दिसली की अभंग नामदेवांचा, असे आपण धरून चाललो. पुढे विष्णुदास नामा हा सोळाव्या शतकातला कवी निराळा काढावा लागला, आणि कुठला अभंग कोणाचा याचा निवाडा अजून पुरता झालेला नाही.

सही सोडून द्यायची, तर दुसरे साक्षीदार कोण? एक साक्षीदार ते गावच देते. पाण्याच्या तोंडाशी जी वेस आहे, तिच्या माथ्यावरचा घुमट १६९२ साली चढवला, म्हणजे कॉइप गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा ज्या चित्रातल्या वेशीवर हा घुमट असेल, त्यावर कॉइपची कितीही झोकदार सही असली, तरी ते चित्र त्याचे नव्हे. उलट बाजूचाही दाखला आहे. १६४६ च्या जुलैत डॉर्ड्रेख्तपुढे मोठा नौकांचा ताफा आणि हजारो सैनिक जमले होते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयातल्या कॉइपच्या प्रसिद्ध बंदरचित्रात तोच प्रसंग असावा, असे मानतात. साल नसलेल्या चित्राला अशी खुंटी मिळाली, की इतर चित्रे तिच्या आगेमागे लावता येतात. कॉइपची आरंभीची कामे यान फान गोयेनच्या वळणाची, पिवळसर-करड्या एकाच रंगछटेची. सोनेरी तिरपे ऊन नंतरचे. ते त्याने इटलीहून परतलेल्या चित्रकारांकडून उचलले. स्वतः तो इटलीला गेला नव्हता.

व्यापाऱ्यांनी आणखी काय केले पाहा. डॉर्ड्रेख्तचे त्याचे एक लांबट चित्र मधोमध कापले आणि दोन तुकडे ‘सकाळ’ व ‘संध्याकाळ’ अशा नावांनी विकले! एकाच उजेडाचे दोन प्रहर झाले. एकोणिसाव्या शतकात ते तुकडे पुन्हा जोडले गेले. आज ते चित्र इंग्लंडातल्या अ‍ॅस्कॉट या वाड्यात आहे.

काल्रात कॉइपच्या तोडीचा नव्हता, हे मला मान्य आहे. त्याच्या चित्रांत घोड्याची पाठ चकाकते, पण हवा चकाकत नाही. तरी मोठ्या नावाच्या सावलीत त्याचे स्वतःचे नाव दोनशे वर्षे बुडाले, ही गोष्ट मला त्याच्या चित्रांच्या उतरलेल्या किमतीपेक्षा जास्त लागते. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात डॉर्ड्रेख्तबाहेरच्या गोठलेल्या नदीचे एक चित्र आहे. त्यावरच्या पाटीवर आता काल्रातचे नाव आहे, पुरते लिहिलेले.